स्वीडनच्या रस्त्यावरचे एमू

ब्रेकमास्तरांच्या पायाला भिंगरी होती, आणि पोटापाण्यासाठी त्यांनी धरला तो धंदा दिवसभर बसून करायचा. यात काही विसंगती आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. आपण बसलेलो असलो तरी गाडी चालतेय ना, एवढं त्यांना पुरे. घरी ते उभ्यानं जेवत. लग्नसमारंभात खुर्च्यांच्या रांगांमधून असे फिरत, की नवखे पाहुणे त्यांच्याकडे पाणी मागत.

ते लोकांना गाडी चालवायला शिकवत. शेजारच्या सीटपुढे त्यांच्यासाठी एक जादा ब्रेक बसवलेला होता; टोपणनाव त्यावरून पडलेलं. ड्रायव्हिंग स्कूल धाकट्या बहिणीचं. हिशेब, गाड्या, फोन सगळं तिच्याकडे, आणि मोठा भाऊही तिच्याकडेच.

मास्तरांची शिकवण्याची पद्धत मात्र स्वतःची होती. ते जगाच्या इतिहासातून गाडी शिकवत. लेन बदलताना बिचकणाऱ्याला ते स्वीडनला नेत. १९६७ सालच्या सप्टेंबरात एका पहाटे त्या देशातली वाहनं थांबली, डावीकडून उजवीकडे गेली आणि पुन्हा चालू लागली. "अख्ख्या देशानं बाजू बदलली. तुम्हाला एक लेन बदलायचीय. आरसा बघा." सिग्नलला वैतागणाऱ्यांसाठी १५१८ मधलं युरोपातलं स्ट्रासबर्ग शहर. तिथे लोक रस्त्यावर नाचत सुटले, थांबेनातच, आणि कारभाऱ्यांनी उपाय म्हणून आणखी वादक बोलावले. "थांबता येणं हीसुद्धा कलाच."

चढावर गाडी उचलण्यासाठी एमू राखून ठेवलेले. १९३२ सालचं ऑस्ट्रेलिया. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारनं जमिनी दिलेल्या, त्यातल्या गव्हात शहामृगाच्या या चुलतभावांच्या झुंडी घुसल्या. लष्कर मशीनगन घेऊन आलं. एमू पांगले. बंदूक ट्रकवर चढवली, तर ट्रक इतका उसळला की नेमच धरता येईना. शेवटी लष्कर माघारी गेलं, एमू तिथेच राहिले. "म्हणून म्हणतो, क्लच हळू सोडा. उसळलात की संपलात."

लोक शिकत, झकास शिकत. घोटाळा परीक्षेत होई. तिथे मास्तरांच्या जागेवर परीक्षक बसे आणि मास्तर मागच्या सीटवर. शिकवणाऱ्यानं एक शब्द जरी काढला तरी परीक्षा रद्द, असा नियम. परीक्षक अबोल, मास्तर गप्प, आणि शिकणाऱ्याचे पाय आपले स्वीडनची वाट बघत थांबलेले. सुतार नापास झाला. औषधांच्या दुकानातली मुलगी नापास झाली. एक निवृत्त पोस्टमन तर चढावर इतका वेळ थांबला की परीक्षक उतरून चालत गेला.

बहिणीनं मास्तरांना ऑफिसात बोलावलं.

"दादा, आपल्याकडे शिकणाऱ्यांना सगळं स्वीडन पाठ आहे. रिव्हर्स कुणालाच येत नाही."

"रिव्हर्ससाठी तसा चांगला प्रसंग अजून सापडला नाही."

"आता परीक्षा बेकरीवाल्या बाईंची आहे. त्या नापास झाल्या की तू इथे, फोनपाशी. दिवसभर खुर्चीत."

मास्तरांनी खुर्चीकडे पाहिलं. "फिरती आहे का?"

"नाही. साधीच घेतलीय, मुद्दाम."

बेकरीवाल्या बाईंचा व्हॅनवाला सोडून गेला होता आणि पाव तर रोज पोचवायलाच हवेत. बाई स्टिअरिंग कणकेच्या गोळ्यासारखं दाबून धरत. मास्तरांनी त्यांच्यासाठी तोंडाला कुलूप लावलं. पण जीभ थांबली तशी सगळी चुळबुळ पायात उतरली. कबूतर दिसलं, ब्रेक. पिशवी उडाली, ब्रेक. सावली पडली, ब्रेक.

"सर, तुम्ही बोला हो काहीतरी," बाई काकुळतीला आल्या. "तुमच्या ब्रेकपायी पोटातलं घशाशी यायला लागलंय."

मास्तर बोलले. त्या एकाच फेरीत स्वीडन, स्ट्रासबर्ग आणि ऑस्ट्रेलिया उरकलं. बाई सुरेख चालवू लागल्या, म्हणजे परीक्षेत गोष्टींवाचून अडणार, हे मास्तरांनी ओळखलं.

परीक्षेच्या दिवशी चढावर गाडी बंद पडली. परीक्षक पेपरमिंट चघळत खिडकीबाहेर बघत होता. मागे मास्तरांना ती साधी खुर्ची स्पष्ट दिसू लागली.

बाईंनी पुन्हा किल्ली फिरवली. मग घसा खाकरला.

"साहेब, एमू माहितीयेत तुम्हाला?"

"समोर बघा."

"बघतेय की. शहामृगाचा चुलतभाऊ. तर काय झालं, स्वीडनमध्ये एमू फार माजले होते."

मास्तर ताठ झाले. गाडी लोण्यासारखी चढावर सरकली.

"सरकारनं सैन्य धाडलं," बाई आरसा बघून लेन बदलत म्हणाल्या, "आणि सगळे एमू एका पहाटे डावीकडून उजवीकडे नेले."

मास्तरांनी रुमाल तोंडात कोंबला. गुडघे असे उडायला लागले की सीट करकरू लागली.

"मागे काय वाजतंय?" परीक्षकानं विचारलं.

"काही नाही, आमचे सर आहेत."

"बरं. मग जिंकलं कोण?"

"सैन्य! एकूणएक एमू शरण आले."

हे फार झालं. मास्तरांनी रुमाल काढला, तोंड उघडलं, आणि आरशात त्यांना बाईंचे डोळे दिसले. परीक्षक वळला. "काही म्हणालात?"

उघडलेल्या तोंडाचं मास्तरांनी जांभईत रूपांतर केलं. ती चांगली वळणापर्यंत पुरली.

"सैन्यच जिंकणार, वाटलंच मला," परीक्षक पुन्हा समोर बघत म्हणाला. "नॉर्वेतही असंच झालं असणार."

बाई पास झाल्या. परीक्षक उतरताच मास्तर फुटले. "बाई, ऑस्ट्रेलिया! एमू जिंकले! सैन्य हरलं!"

"सर, मी पास झाले!"

"झालात हो! पण एमूही जिंकले!"

मास्तरांची सीट राहिली. मात्र बेकरीत आता प्रत्येक पावाबरोबर स्वीडनचे एमू जात. मास्तर संध्याकाळी रांगेत उभे राहून गिऱ्हाइकांना खरं काय ते सांगत. गिऱ्हाइकं ऐकून घेत आणि म्हणत की बाईंची गोष्ट जास्त पटते, सैन्य म्हटल्यावर जिंकणारच ना. परीक्षकही मागे नव्हता. घाबरलेल्या उमेदवारांना तो एमू सांगू लागला. नॉर्वेसकट.

महिन्याभरानं एक नवी बाई शिकायला आली. बसली, पट्टा लावला, आणि म्हणाली, "सर, तुम्ही इतिहास सांगता असं ऐकलंय. एमूंचं सोडून सांगा हं, ते मला माहितीय. स्वीडनचे ना?"

मास्तरांना बसवेना. ते दार उघडून खाली उतरले, आणि उभ्या गाडीभोवती भराभर फेऱ्या मारत, वाटेत खिडकी येईल तेव्हा एकेक वाक्य आत टाकत, त्यांनी ऑस्ट्रेलियाला सुरुवात केली.