मोर्शीचं संत्रा केंद्र आणि जेवणाआधीची मीटिंग

"मोर्शीला काय बघायचंय?" घरच्यांनी विचारलं. मी तोऱ्यात म्हटलं, "संत्री!" खरं म्हणजे मी दुभाषी म्हणून निघाले होते. एक परदेशी विकास बँक गरीब देशांत सरकार आणि खासगी कंपनीच्या भागीदारीला पैसा पुरवते. त्यातूनच मोर्शीजवळ संत्री धुऊन, निवडून पेटीत भरायचं केंद्र उभं राहिलंय. ते तपासायला केनियाच्या ग्रेसबाई आल्या होत्या. त्यांनी 'उत्तम' लिहिलं की बँक शेवटचा हप्ता देऊन हात झटकून मोकळी.

बाळापूरकडचं काम आटपून त्या मला अकोल्यात भेटल्या. तिथून भाड्याची गाडी. भाडं आधी ठरवा, आणि एसी आहे का विचारू नका, चालतो का विचारा! आमचा नव्हता चालत. अमरावतीत गिला वडा न खाता पुढे जाणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार. तिखटानं ग्रेसबाईंच्या डोळ्यांतून धारा, तरी दुसरी प्लेट मागितली.

"बाई तं आपल्यातल्याच निंगाल्या!" ड्रायव्हर खूश.

केंद्र चकचकीत. दारात रांगोळी, मशीनला झेंडूचा हार, आणि मशीन बंद. बागायतदार बायकांच्या गटाच्या अध्यक्ष विमलकाकू पुढे आल्या. भागीदारी हा शब्द मी सोपा करून सांगितला, "सरकार, कंपनी आणि तुम्ही, तिघांचा संसार."

"तिघांचा? मंग भांडन तं होईनच!" काकू म्हणाल्या.

"काही अडचण?" ग्रेसबाईंनी माझ्यामार्फत विचारलं.

"काईच नाई! समदं झकास हाय. मशीनले आज सुट्टी हाय."

ग्रेसबाई लिहू लागल्या. आता निघायचं, डबा गाडीत खायचा, असा कार्यक्रम होता.

"डब्बा? पावन्याले डब्बा? माय वं!" काकू कडाडल्या. मग काय, पंगत! पाटवडी रस्सा, भाकर, ठेचा. नको म्हणायची सोय नाही. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतील.

हात धुताना काकूंचा सूर बदलला. "आता सांगतो. मशीनले लाईटच नाई आली. सरकार म्हन्ते कंपनीनं आनाव, कंपनी म्हन्ते सरकारनं. आंबिया बहाराची संत्री तोडनीले आली, आन् आमी अजून झाडावरच व्यापाऱ्याले पडत्या भावानं माल देऊन राहिलो. औंदा केंद्र सुरू नाई झालं तं गट मोडते, बाई."

हे ग्रेसबाईंना सांगता सांगता माझं डोकंच फिरलं. "अहो, मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"उपाशी पावन्याले कोनी घरची रडकथा सांगते का वं?"

"आधी तपासायला आलेले साहेब जेवले नव्हते?" ग्रेसबाईंनी विचारलं.

"कोनीच नाई. समदे घाईत."

म्हणून प्रत्येक अहवालात सगळं झकास! ग्रेसबाई पोट धरून हसल्या, आणि लिहिलेलं पान त्यांनी टराटरा फाडलं. नव्या पानावर लिहिलं ते मला वाचून दाखवलं: वीज कोणी आणायची ते करारात नाव घालून लिहा, शेवटचा हप्ता इमारत बघून देऊ नका, संत्र्यांची गाडी भरून निघाली की द्या, आणि मीटिंग जेवणानंतर ठेवा.

पुण्यात घरी परतल्यावर लोकांनी फोटो मागितले. माझ्या डोक्यात मात्र एकच घोर: असले कागद कपाटातच झोपतात, काकूंचा गट टिकेल का? बरेच दिवस काही कळलं नाही. मग परवा काकूंचा फोन आला. नुसता घरघराट!

"काकू, काही ऐकू येत नाहीये!" मी ओरडले.

"मलेबी नाई येत!" काकू त्याहून मोठ्यानं ओरडल्या. "मशीन चालू हाय!"