रस्त्याकडं वाढलेलं पान

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्या शेतात एक पान जास्तीचं वाढतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, आंबिलीचं शिंपण झालं, की घरची माणसं जेवायला बसायच्या आधी अप्पा, माझे वडील, पत्रावळीवर भज्जी, खीर, तिळाची पोळी वाढतात. बाजरीचा एक उंडा ठेवतात, त्याला अंगठ्यानं खळगा पाडतात नि त्यात तेल सोडतात. मग ते पान धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मुखेडच्या रस्त्याकडं तोंड करून ठेवायचं. आमचं गाव जळकोटच्या अलीकडं, नि तो रस्ता शेताला लागूनच. मागं वळून बघायचं नाही. थोड्या वेळानं गाय ते खाऊन जाते.

कुणासाठी, तर "मूळपुरुषासाठी". कुठला मूळपुरुष, कुठून आला, नाव काय? अप्पांच्या वडिलांना माहीत नव्हतं, त्यांच्या वडिलांनाही नसणार. वाढायचं म्हणून वाढायचं.

पुण्यातला माझा भाऊ तसा गुणी आहे. दर येळवशीला वाकडी वाट करून मला घ्यायला नांदेडला येतो, माझी साठी आली तरी. पण एका वर्षी तो कोपीत बसून अप्पांना सरळ म्हणाला की तुमच्यामागं हे पान मी वाढणार नाही, कुणासाठी ते तरी सांगा. अप्पा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पंच्याऐंशीच्या पुढचा माणूस, उंडा हातात धरून नुसता बसून राहिला. संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, पोराचं चुकलं न्हाई. मला तरी कुठं ठाव हाय मी कुणाला जेवू घालून राहिलो ते."

त्या दिवसापासून अप्पांनी शोध मांडला, आणि त्यांच्यासोबत फरफट झाली माझी. रिटायर झालेली लेक म्हणजे बिनपगारी कारकून.

आधी हेळव्याची वाट बघितली. हेळवी म्हणजे वंशावळ सांगत फिरणारा, तो कर्नाटकातून सुगीनंतर येतो. पायलीभर ज्वारी घेऊन त्यानं अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत आमच्या बापजाद्यांची माळ घडाघडा म्हटली. मध्ये एका पिढीला मात्र तो पटकन पुढं सरकला. तिथं कर्ता पुरुष लवकर गेला, पोर लहान होतं, एवढंच त्याच्याकडं होतं. अप्पांनी परत परत विचारलं तर तो वैतागला. नसलेलं कुठून सांगू, असं म्हणून त्यानं ज्वारीचं पोतं सायकलला बांधलं.

मग मी तहसिलीत खेटे घालून निजामाच्या वेळच्या कागदाची नक्कल काढली. ती उर्दूत. अप्पांचे शाळेपासूनचे दोस्त, आमचे चाचा, उदगीरला असतात, घड्याळाचं दुकान आता पोरावर सोपवून निवांत झालेले. दोघांनी मिळून तो कागद सकाळी हातात घेतला नि दुपारपर्यंत भांडले. अप्पांना उर्दू विसरायला झालेलं, पण मान्य कोण करणार! शेवटी चाच्यांनी भिंग लावून वाचलं. आमच्या त्या शेताच्या नावापुढं एवढंच होतं, बेवा. म्हणजे विधवा. नाव नाही. का नाही, असं अप्पांनी विचारलं तर चाचा म्हणाले, "औरतां का नाम कौन लिखता था यार उस जमाने में."

घरी येताना अप्पांनी तो कागद परत परत उघडून बघितला. आम्ही मूळपुरुष शोधत होतो नि हाताला लागली बाई. लेकराला घेऊन एकटीनं शेत राखलेली. ती नसती तर आम्ही कुणीच नसतो. मला तिच्याबद्दल एकाएकी इतकी माया दाटून आली की मी बसच्या खिडकीतून उगाच बाहेर बघत बसले.

आता पान तिचंच, हे अप्पांनी ठरवून टाकलं. पण नाव हवं होतं. ती कुणाची लेक ते कळलं तर नाव सापडेल, म्हणून त्यांनी जो भेटेल त्याला विचारायचा सपाटा लावला. लग्नात, कुणी गेलं की मातीला, दवाखान्याच्या रांगेत. लोह्याच्या बसस्टँडवर एकदा शेंगा विकणारीलाही त्यांनी सोडलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मुखेडला एका लग्नात पंगत बसली होती. अप्पांनी आपली कहाणी सुरू केली नि मी मान खाली घालून भात कालवू लागले. पलीकडून एक म्हातारी पुढं वाकली. तिनं विचारलं, उंडा कसा ठेवता? अप्पांनी हवेतच अंगठा दाबून दाखवला. तिनं हातातला घास पानात ठेवला.

तिच्या सासरी सांगत आलेली गोष्ट अशी. त्यांच्या घरची एक लेक जळकोटाकडं दिलेली, तरणीताठी असताना रंडकी झाली. तिनं निरोप धाडला, येळवशीला मला न्यायला या. भावांनी मनाई नाही केली, पण गेलंही कुणी नाही. तिला आणलं तर दिरा-पुतण्यांचा जमिनीचा तंटा आपल्या गळ्यात पडेल, ही भीती. पुढं ती गेल्याचाच सांगावा आला. तेव्हापासून त्या घरचा वडीलधारा येळवशीला जेवायच्या आधी जळकोटाकडं तोंड करून हात जोडतो. नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. लेक म्हणतात, बस.

अप्पा म्हणाले, म्हणजे आम्ही तिलाच पान वाढतो. म्हातारीनं मान हलवली.

"तिला न्हाई हो, अप्पा. रस्त्याकडं तोंड करून कुणी स्वतःला वाढतं का? तिनं भावाला वाढलंय ते. येईल म्हणून."

मी बाई संशयी. खळग्याचे उंडे कितीतरी घरांत करत असतील, नि बेवा काय त्या काळी एकच होती? हे मी अप्पांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, तू तुझा कागद धर. आणि हातातल्या रुमालानं डोळे पुसत राहिले.

पुढच्या येळवशीला अप्पांनी पान धुऱ्यावर ठेवलं नि पहिल्यांदाच मागं वळून तिथंच उभे राहिले. एसटी थांबली. मुखेडच्या त्या म्हातारीचा नवरा, त्या घरचा वडीलधारा, उतरला, अप्पांच्याच वयाचा, डोक्याला पटका, हातात खणा-नारळाची पिशवी. त्यानं चपला रस्त्यावर काढल्या, धुऱ्यावर डोकं टेकलं. खण-नारळ मातीवर ठेवून म्हणाला, "बाई, आलो गं."

मग तो त्या पानावर बसला नि जेवला. सगळं जेवला, उंड्यासकट. अप्पा आंबिलीचं मडकं घेऊन त्याला आग्रह करत होते, आणि माझा भाऊ, ज्याला हे पान नको होतं, तो वाकून त्याला तिळाची पोळी वाढत होता. गाय येऊन उभी राहिली, तिला काही उरलं नाही.

निघताना म्हातारा माझ्यापाशी आला. तुम्ही तिच्या घरच्या लेक, म्हणाला, नागपंचमीला मुखेडला माहेरपणाला या. मी हसले. मला वाटलं, बोलायची रीत.

पंचमीच्या आदल्या दिवशी नांदेडला माझ्या दारात पटका बांधलेला तो म्हातारा उभा होता. न्यायला आला होता.