शिफ्ट न दाबणाऱ्या मालनताई

"तुमी माझा दुमाळ केलासा, देसाई!" सुभेदारसाहेबांनी संस्थेचं ओळखकार्ड टेबलावर आपटलं. "अन् निस्ता माझाच न्हाई. भोसल्याचा बोसले, खोताचा कोत. घाडग्यांचा तर गाडगे झालाय. हास्पिटलात ह्या कार्डावर कोन आत घेईल आमाला?"

मी खुर्ची ओढून बसलो. मेढ्याला एक प्रिंटर दुरुस्त करून एसटीनं नुकताच साताऱ्यात उतरलो होतो. कंबरेचा काटा ढिला झाला होता. त्यात हे.

सुभेदार धुमाळ माजी सैनिकांच्या एका संस्थेचे अध्यक्ष. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. संस्थेच्या एकुलत्या एका पीसीचं एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, माझ्याकडे होतं. महिन्यापूर्वी सुभेदारांच्या कानावर आलं की पीसीतला टायपिंगचा प्रोग्राम चोरून कॉपी केलेला आहे. अमेरिकेतल्या त्या बड्या कंपनीचा. नव्वदच्या दशकात तो सगळीकडे तसाच असायचा, पीसी घेतला की दुकानदार टाकूनच द्यायचा. कोणी विचारत नसे. सुभेदारांनी विचारलं.

"चोरीचं हाय व्हय? मग काडा. जल्मात कवा चोरीला हात लावला न्हाई मी."

विकत घ्यायचा म्हटल्यावर कमिटी गप्प झाली. म्हणून मी दुसऱ्या कंपनीचा, रीतसर फुकट मिळणारा प्रोग्राम टाकून दिला. सभासदांची जुनी यादी त्यात उघडताना विस्कटली, तर ऐटीत म्हणालो, नव्यानं टाईप करा, त्यात काय! टायपिस्ट मालनताई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "आवं सायेब, चाललंय ते चालू द्या की." त्यांचं कोण ऐकतो? नव्या यादीवरून कार्डं छापली, वाटली, आणि बोंब झाली.

"तिला नवं नकोच हुतं," सुभेदार म्हणाले. "मुद्दाम केलंया. सोमवारी कमिटीत विषय घेतो. दुसरी बाई बघू."

मालनताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. नवरा फौजेत असताना गेला, पदरात दोन मुली. संस्थेची ही नोकरी हाच आधार. त्यांनी नुसता पदर नीट केला. आणि मी? मीही मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. आज लिहितानासुद्धा त्याची लाज वाटते.

यादी हातात घेतली. वाचता वाचता एका ओळीवर थांबलो. जाधव. त्यातला ध बरोबर होता. धुमाळमधला ध मात्र द झालेला. परत पहिल्यापासून बघितलं. चूक होती ती फक्त ओळीच्या पहिल्या अक्षरात. खुन्नस काढणारं माणूस इतकं नेमानं चुकत नाही.

"मालनताई, जरा टाईप करून दाखवता?"

त्या बसल्या. नजर रजिस्टरवर, बोटं की-बोर्डवर. स्क्रीनकडे बघतसुद्धा नव्हत्या. आमच्या मराठी फाँटमध्ये बी दाबली की ब, शिफ्ट धरून बी दाबली की भ. त्यांनी भोसले लिहिलं आणि शिफ्टला हातच लावला नाही.

"शिफ्ट राहिली की."

"पयल्या अक्षराला कशाला? ते मशिन करतंय की आपसूक."

मी कपाळावर हात मारला. जुन्या प्रोग्रामला एक खोड होती. ओळीचं पहिलं अक्षर तो स्वतःच कॅपिटल करायचा, म्हणजे शिफ्ट दाबल्यासारखं. इंग्रजीत ते शहाणपण. मराठी फाँटमध्ये त्यानं पवारचा फवार आणि कदमचा खदम व्हायचा. मालनताईंनी त्यावर आपला तोडगा काढला होता. पवार, कदम लिहिले की कंट्रोल-झेड मारायचं, म्हणजे मशीननं केलेला बदल मागे फिरतो. आणि भोसले, खोत, धुमाळ आले की शिफ्ट दाबायचीच नाही, मशीन दाबतंय. कुणी शिकवलं नव्हतं. बोटांनाच वळण पडलं होतं.

नव्या प्रोग्राममध्येही ती खोड होती. मराठीला त्रास नको म्हणून मीच ती बंद केली होती. मोठा उपकार केल्याच्या थाटात. कंट्रोल-झेड मारलं की आता अख्खं नावच गायब व्हायला लागलं, तेव्हा ते त्यांनी पहिल्याच दिवशी सोडलं. शिफ्टचं मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. आणि मी त्यांना एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

सुभेदारांना सगळं समजावलं. त्यांनी मिशी चोळली.

"म्हंजी चूक कुनाची?"

"माझी."

"मग सोमवारी कमिटीत तुमीच या सांगाया. उभं ऱ्हाऊन."

गेलो. उभं राहून सांगितलं. मालनताईंचं नाव विषयपत्रिकेवरून निघालं. कार्डं मी नव्यानं छापून दिली. त्या आठवड्यात मी इतका दमलो होतो की कुणी चहा विचारला तरी चीड यायची.

कार्डांच्या कामाच्या शेवटच्या दिवशी मालनताईंनी विचारलं, "सायेब, ती खोड जुन्यातबी बंद करता येत हुती?"

"हो. सेटिंगमधली एक टिक काढायची, बस."

"तीन वर्सं मी रोज कंट्रोल-झेड मारत हुते. मला वाटायचं, माझंच बोट चुकतंय." मग माझ्याकडे बघून सावकाश म्हणाल्या, "अन् तुमी दर म्हैन्याला येत हुतासा."

मी की-बोर्ड पुढे ओढला.

नव्या प्रोग्राममध्ये ती खोड मी परत चालू करून दिली, त्यांनीच सांगितलं म्हणून. "आता ह्या बोटांस्नी नवी शाळा नको," म्हणाल्या. चोरीचं गेलं, त्याची खोड तेवढी रीतसर झाली.

त्यानंतर कुणाचाही प्रोग्राम बदलायचा असला की मी आधी तासभर टायपिस्टच्या मागे खुर्ची टाकून बसतो. मशीनकडे बघत नाही. बोटांकडे बघतो, आणि तोंड बंद ठेवतो.