रेवतीच्या खळ्यातलं शेवाळ

रत्नागिरीच्या एसटीत बसले ती समुद्र पाहायला नव्हे, रेवतीचं काय चुकतंय ते शोधायला. पुण्यात आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत आहोत. समुद्री शेवाळातली बहुशर्करा (चिकट, साखरेच्या जातीचा पदार्थ) काढायची, रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर घालायची आणि पेशी खवळतात का ते पाहायचं. रेवतीच्या खवळत. माझ्या ढिम्म. परदेशात संशोधनाला जायची एकमेव जागाही तिलाच मिळाली, माझं नाव तिच्या खालोखाल. आंबा घाटात सगळी बस निसर्ग बघत होती. मी नुसती जळत होते.

तिनेच शेवाळ गोळा करायला घरी बोलावलं होतं. ओहोटीला खडकांवर गेलो. ती शेळीसारखी टणाटण पुढे. माझी चप्पल तुटली आणि मी बदकन पाण्यात बसले. इथेही हीच पुढे.

घरी तिच्या आईने घावन वाढले. "खा गो, लाजतेस काय? रेवती तुझं नाव रोज काढते," त्या म्हणाल्या. मी ताट घेऊन उठले.

मग खळ्यात (अंगणात) आले. सुकत घातलेल्या बांगड्यांशेजारीच रेवतीचं शेवाळ पसरलेलं, अजून ओलसर, वर माश्या. माझं मी खडकावरून थेट बर्फात घालून नेते. अशा ओलाव्यात जिवाणू माजतात, आणि उकळून ते मेले तरी त्यांचं विष उरतं; पेशी त्यानेही खवळतात. मला मनातून उकळ्या फुटल्या.

मी तोंड उघडण्याआधीच रेवती म्हणाली, "माझ्या पेशी शेवाळाने खवळत नव्हत्या. विष मारणारं औषध घालून बघितलं. गप्प बसल्या. तुझेच निकाल बरोबर आहेत. सरांना कळवत्ये आज."

"आणि जागा?"

"जाईल."

परतीच्या बसमध्ये तिचा मेसेज आला: सरांना मेल पाठवली. म्हणजे आता जागा बहुधा माझी. आनंद व्हायला हवा होता. पण घाट चढेपर्यंत एकच प्रश्न डोक्यात होता: माझ्या पेशी खवळल्या असत्या, तर मी ते औषध घालून पाहिलं असतं का? नसतं. आता मी तिच्या खरेपणावर जळत होते. जाताना तिच्या यशावर जळत होते, त्याला निदान काही औषध होतं.