हेडमास्तरांचा पट

पाळण्यातलं मूल पाहून बाकीचं जग ते कुणावर गेलंय ते बघतं. आमचे हेडमास्तर ते पहिलीत कधी येणार तेवढंच बघायचे. शाळेचा पट वाढवण्यासाठीच जन्माला आलेला असा माणूस पृथ्वीवर दुसरा झाला नसेल. बारशाला झबलं-टोपरं सोडून पाटी घेऊन जात. मांडवात अक्षता पडल्या की डोळे पुसत, कारण नवरीची पोरं परगावच्या पटावर जाणार! लगेच तिच्या आईला विचारत, "लेक गेली, ऱ्हाऊंद्या. सून कवा आणतासा?" गावातल्या चार घरांनी पोरांना टाय बांधून मुरगूडच्या इंग्रजी शाळेत धाडलं, तेव्हा या गृहस्थांनी त्या घरांचा चहा सोडला.

नव्वदच्या दशकातली मी म्हणजे नुकतीच डी.एड. झालेली, तोंडावर पावडर आणि नाकावर राग. खडूची धूळ साडीला लागली तरी रडू यायचं. कोल्हापूरला बदली मिळावी म्हणून अंबाबाईला रोज साकडं. आज ती तेव्हाची मी समोर आली तर मीच तिला अंगठे धरून उभी करीन.

पट घसरला की शाळेतला दुसरा शिक्षक, म्हणजे मी, जाणार आणि चारही वर्ग एकट्या हेडमास्तरांच्या गळ्यात पडणार, अशी गत होती. म्हणून बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आल्या की ते सायकल मारत त्यांच्या पालांवर जात आणि पोरं गोळा करून आणत. एक पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच वर्गात बसे. मी नाक मुरडलं, तर म्हणाले, "असूंद्या की बाई! त्यो फुडचा पट हाय." ती पोरगी दोन महिन्यांत भागाकार शिकली. शाबासकी मात्र मी घेतली.

एका वर्षी साखर कारखान्याचं गाळप संपलं, टोळ्या परतल्या आणि दोनच दिवसांनी तपासणीला साहेब आले. निम्मा वर्ग रिकामा.

"पोरं कुठं आहेत?"

"गावाकडं गेल्याती, सायेब," हेडमास्तर म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं. पण मी हरिश्चंद्राची बहीण असल्यागत पुढे झाले, "आता दिवाळीनंतर येतील, आली तर!"

कसलं सत्य नि कसलं काय. मला बदली दिसत होती. दुसरं पद गेलं. मी जादा ठरले आणि कोल्हापुरात आले.

निघताना हेडमास्तर मला एसटीच्या थांब्यावर पोचवायला आले, तेही अख्खी शाळा रांगेत घेऊन. मागे पोरं सांभाळायला होतंच कोण?

"बाई, तुमी खरं तेच बोललासा," एवढंच म्हणाले. "तिकडं पोरं लई असतील. चांगलं शिकवा."

मी तोंड उघडणार, तोवर गाडी आली. खिडकीतून हात हलवला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. रस्त्याकडेला एकेका डोक्यावर हात ठेवत ते पोरं मोजत होते. गाडी वळेपर्यंत वाटत राहिलं, त्यांनी एकदा तरी मान वर करावी.

अजून वाटतं.