खंडेनवमीला थांबलेलं क्लाउडवरचं मशीन

हे वाचून कुणी मला देवऋष्याचा पत्ता पाठवू नये. असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत, आणि अजूनही मानत नाही. गेल्या खंडेनवमीला जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि ते मी केलं नाही... एवढंच मला ठासून सांगायचंय.

मी मूळची माण गावची. आयटी पार्क आमच्या बांधापर्यंत आला तेव्हा शाळेत होते, आता तिथूनच जवळ हिंजवडीत एका छोट्या कंपनीत क्लाउडचं काम करते. तेव्हा माझं प्रोबेशन चालू होतं, नोकरी पक्की व्हायची होती. चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणारा एक कारखाना आहे. तिथलं माल पाठवायचं, लेबलं छापायचं सॉफ्टवेअर क्लाउडवर नेण्याचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये आपलं एक व्हर्च्युअल मशीन उभं करायचं. त्यात प्रोसेसर पूर्ण घ्यायलाच हवा असं नसतं. आमच्या विहिरीवर भाऊबंदांच्या पाळ्या असायच्या, तसंच. आपल्या वाट्याचं पाणी नक्की मिळणार, दुसऱ्याला नको असेल तर थोडं जास्तही. मी वीस टक्के वाटा ठेवला होता आणि आमच्या कंपनीतल्या साहेबांनी तो बघून ओके केला होता. वाटा वाढवायचा तर आधी मशीन बंद करायचं, सेटिंग बदलायची, मग पुन्हा चालू करायचं. हे सगळं माणसाला करावं लागतं, आपोआप होत नाही.

खंडेनवमीच्या सकाळी मी प्लांटवर होते. आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून मशिनं पुसून, मालाचे बिन, म्हणजे क्रेट, धुऊन कारखाना लख्ख केला होता. पूजेसाठी सगळी मशिनं बंद. मेंटेनन्सचे मामा — सगळा प्लांट त्यांना मामाच म्हणतो, खेडकडचे आहेत, रिटायरमेंटला आलेले — माझ्याकडे आले आणि म्हणाले, तुमचंही मशीन थांबवा. मला हसू आलं. म्हटलं मामा, ते इथे नाहीच, कुंकू कुठे लावणार?

"कुठं का असंना," मामा म्हणाले. "आपल्यासाठी राबतंय न्हवं? मग आजच्या दिवशी त्यालाबी घटकाभर इसावा दे की, पोरी."

मी साफ नाही म्हणाले. गेटवर ट्रक भरून उभा होता आणि लेबलं निघाल्याशिवाय तो हलणार नव्हता. माल घेणाऱ्या गाड्यांच्या कंपनीची लाइन काही आपल्या पूजेसाठी थांबत नाही. मामांनी मग आरतीचं ताट माझ्याच हातात दिलं. शॉप फ्लोअरवर फोन, लॅपटॉप नेता येत नाही, माझे दोन्ही सिक्युरिटीच्या लॉकरमध्ये होते. हे महत्त्वाचं आहे, म्हणून सांगतेय.

आरती चालू असतानाच डिस्पॅचचा माणूस धावत आला — सिस्टिम बंद पडली. ताट दुसऱ्याच्या हातात देऊन मी लॉकरकडे पळाले, लॅपटॉप उघडला. मशीन खरोखरच बंद होतं. अडकलेलं नाही, हँग नाही... रीतसर बंद केल्यासारखं. मी 'चालू करा' दाबणार, तेवढ्यात आत नारळ फुटला आणि मशीन आपलं आपण सुरू झालं. वाटा बघितला. वीसचा शंभर टक्के झाला होता.

घाबरले मी. खोटं कशाला बोलू.

साहेब तेव्हा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये अडकले होते. फोनवरच माझ्यावर उखडले. त्या मशीनला हात लावू शकणारे आम्ही दोघंच, आणि त्यांनी लावला नव्हता. म्हणजे मी पूजेच्या नादाला लागून बंद केलं, असा त्यांचा हिशोब. ट्रकला उशीर झाल्याचा दोष माझ्या नावावर कस्टमरला, म्हणजे कारखान्याला, कळवणार, आणि मग कन्फर्मेशन विसर, असं स्पष्ट म्हणाले. आरतीचं ताट माझ्या हातात होतं हे सगळ्या प्लांटने पाहिलं होतं, पण त्यांना ते ऐकायचंच नव्हतं.

तोवर मामा ट्रकला हार घालायला गेले होते. लेबलं आत्ता कुठे निघत होती, ट्रक अजून उभाच, म्हणून मागचं दार उघडून आतही कुंकू लावायला चढले. तिथे एका बिनच्या कडेला त्यांना लाल टॅगचा फाटका तुकडा चिकटलेला दिसला. लाल टॅग म्हणजे रिजेक्ट माल. क्वालिटीवाले धावले, बिन उतरवले. पूजेच्या साफसफाईत कुणीतरी, चांगलं दिसावं म्हणून, टॅग काढून सगळे बिन एका रांगेत मांडले होते, आणि रिजेक्ट ब्रेकचे पार्ट चांगल्या मालाबरोबर ट्रकमध्ये गेले होते. ट्रक वेळेवर सुटला असता तर ते गाड्यांना लागले असते. कुणाच्या गाड्यांना, ते आता सांगता येणार नाही.

दुपारी साहेबांचा आवाजच बदलला. म्हणाले, असं लिहू की शंका आली म्हणून तूच सिस्टिम थांबवलीस. कंपनीचं नाव होईल, तुझं कन्फर्मेशन आजच करतो.

"सर, सकाळी ते मी केलं नव्हतं," मी म्हणाले. "दुपारीही मी केलेलं नाही."

"मग कुणी केलं म्हणून लिहू?"

"माहीत नाही, असं लिहा."

साहेब चिडले, समजावलं, पुन्हा चिडले. मी ऐकलं नाही. सकाळचा खोटा दोष घेतला नाही, तर दुपारचं खोटं कौतुक का घ्यावं?

क्लाउड कंपनीला विचारलं. त्यांचं उत्तर — त्यांच्याकडे बिघाड नाही, बंद करण्याची ऑर्डर आलेली नाही, वाटा बदलण्याचीही नाही. वाटा मात्र आधी वीस होता आणि नंतर शंभर, हे त्यांनाही मान्य. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. मामा म्हणतात, देवानंच केलं. मी त्यांच्याशी भांडते, ते हसतात. खालच्या कमेंटमध्ये तुम्हीही काहीबाही सुचवाल. सुचवा, मी तपासून बघेन.

माझं प्रोबेशन वाढवलं. वाढवू देत. कस्टमरला गेलेल्या मेलमध्ये कारणापुढे 'माहीत नाही' असंच आहे, आणि त्याखाली माझं नाव आहे.