वॅट आणि ठोके

"पट्टा भिजवला का?"

दादांचा पहिला प्रश्न हाच असायचा. नमस्कार नाही, बरं आहे ना नाही. गाळ्याचं शटर अर्धंच वर असायचं. आपण वाकून आत शिरलो की कोपऱ्यातून आवाज यायचा, "पट्टा भिजवला का?"

पट्टा म्हणजे छातीला बांधायचा पट्टा, हृदयाचे ठोके मोजणारा. तो कोरडा बांधला तर आकडे भलतेच येतात. म्हणून दाराशी स्टुलावर पाण्याचा एक स्टीलचा पेला ठेवलेला असे. त्यात बोटं बुडवायची, पट्ट्याच्या आतल्या बाजूला पाणी लावायचं आणि मगच सायकलवर बसायचं. एकदा एक नवा माणूस तहान लागली म्हणून तो पेला पिऊन मोकळा झाला. दादांनी तो शांतपणे पुन्हा भरला आणि म्हणाले, "आता तुझे आकडे आतूनच येतील."

ठाण्याहून भिवंडीकडे येताना खाडी ओलांडली की दोन्ही बाजूंना गोडाऊनांच्या रांगा लागतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यातली बरीच जमीन दादांच्या घरची, एकेकाळी भाताची. भावांनी गोडाऊनं बांधून भाड्याने दिली. दादांनी मात्र आपल्या वाटणीचा एक गाळा स्वतःकडे ठेवला आणि त्यात तीन सायकली मांडल्या. तिन्हींचं मागचं चाक काढलेलं, त्या जागी एकेक यंत्र जोडलेलं. पॅडल मारलं की समोरच्या पडद्यावर दोन आकडे दिसायचे. वर वॅट, खाली ठोके. दादांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मला एकदा सांगितलं, "आमच्याकडं चाक नसलेल्या सायकली हायत. जात कुठंच न्हाय, घाम तेवढा काढतात."

तरुणपणी दादा शर्यतींत सायकल चालवायचे. पुलावर एका ट्रेलरने त्यांना बाजूला दाबलं आणि डाव्या पायात सळी बसवावी लागली. तेव्हापासून ते थोडे लंगडत. "रस्त्यावर मी कुणाला सराव करू देणार न्हाय," ते म्हणायचे. "कंटेनरवाल्याला आरसा असतो, पण त्यात सायकल दिसत न्हाय."

मी शेजारच्या गोडाऊनमध्ये डिस्पॅचला आहे. ऑफिस पोटमाळ्यावर, आणि तो जिना चढताना मला धाप लागायची. दादांनी ते खालून दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "ताई, शिफ्ट सुटली की वीस मिनिटं येत चला." पहिल्या दिवशी माझे पंचाहत्तर वॅट भरले. दादांनी वर पाहिलं. "झालं. तुम्ही एक पंखा."

माणसं ते अशीच मोजायचे. ट्रान्सपोर्टवाले एक जाडगेले शेठ, वॅट थोडे आणि घरघर फार म्हणून, मिक्सर होते. एक बँकेतले साहेब एक पंखा आणि एक ट्यूबलाइट. आणि लाईट गेली, की पडदा बंद, यंत्रं बंद, आम्ही सगळे घामाघूम अंधारात. तेव्हा दादा म्हणायचे, "एवढी वीज बसलीय इथं, आणि उजेड न्हाय."

पण आकड्यांबाबत ते गमतीत नव्हते. "वॅट म्हणजे तुम्ही काय दिलं. ठोके म्हणजे त्याला तुमच्यातलं काय गेलं," असं ते समजावायचे. दोन महिन्यांनी मी त्याच पंचाहत्तर वॅटला दहा ठोके कमी घेऊन चालवायला लागले, तेव्हा त्यांनी धामणकर नाक्यावरून जिलबी आणून सगळ्यांना वाटली. माझ्या लग्नातही कुणी माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं नसेल.

मंजुळा त्यांच्यापर्यंत पोचली ती माझ्यामुळे. ती आमच्याकडे पॅकिंगला होती. वय एकोणीस, डोंगराच्या कडेच्या एका पाड्यावरची. शाळेत मिळालेली सायकल दामटत रोज बारा किलोमीटर यायची आणि बारा जायची. दादांनी तिला उड्डाणपूल चढताना पाहिलं, मागे तांदळाची अर्धी गोणी बांधलेली. ती उतरली नाही. उभी राहिली पॅडलवर, चढून गेली आणि आमच्याच गेटात वळली. दादा धावतच माझ्या ऑफिसात आले. लंगडा माणूस जिना कसा धावत चढला, कोण जाणे.

"ताई, ती निळ्या ओढणीवाली कोण?"

त्या संध्याकाळी मी तिला गाळ्यात घेऊन गेले, पट्टा बांधून दिला. मंजुळाने वीस मिनिटं एकशे चाळीस वॅट काढले आणि उतरून विचारलं, "झालं?"

त्यानंतरचे आठ महिने दादा दुसऱ्या कुणाचे राहिले नाहीत. आमचे पंखे-मिक्सर आम्हीच बघायचे. मंजुळासाठी त्यांनी वेगळी वही केली. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजायची आणि त्यांना फोनवर सांगायची, असा नियम. वहिनी तिच्यासाठी डब्यात अंडी आणि भाकरी पाठवायच्या. एकशे चाळीसचे एकशे साठ झाले, मग पावणेदोनशे. राज्याची निवड चाचणी जवळ आली होती. निवड झाली तर पुढे खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात नोकरी लागू शकते, असं दादांनी तिला सांगितलं होतं. तिने ते पाड्यावर सांगितलं. आईने एवढंच विचारलं, "वर्दी कुठल्या रंगाची असते?" जसं काही शिवायलाच टाकायची होती.

मग तो बुधवार आला. वीस मिनिटांची चाचणी चालू होती. चौदाव्या मिनिटाला ठोके एकशे अठ्ठ्याहत्तर होते. पुढच्या क्षणी दोनशे एकतीस. मधला एकही आकडा नाही, सरळ उडी. वॅट घसरले. मंजुळा थांबली, हँडलवर वाकली. मिनिटभराने आकडा तसाच धपकन खाली आला.

"काय झालं गं?"

"काय न्हाय दादा. जरा फडफडलं."

"पट्टा सुकला," दादा म्हणाले. त्यांनी पट्टा भिजवला. बॅटरी बदलली. तिच्या नायलॉनच्या टी-शर्टला दोष दिला, वरच्या पंख्याला दिला. शेवटी स्वतःचा जपून ठेवलेला पट्टा काढला. शुक्रवारी तो बांधून तिला पुन्हा बसवलं. अकराव्या मिनिटाला दोनशे अठ्ठावीस.

दादांनी पुढे होऊन तिच्या मानेवर दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत ओठांनी मोजायला लागले. मी समोर उभी होते. त्यांचे ओठ हलत होते, मग थांबले. बोटं तशीच मानेवर.

"ताई," ते म्हणाले, "मोजता येत न्हाय."

डॉक्टरकडे मुलीबरोबर बाईमाणूस हवं म्हणून मी गेले. आधी नाक्यावरचे डॉक्टर, त्यांनी ठाण्याला पाठवलं. तिथे ईसीजीची पट्टी निघाली, हृदयाची सोनोग्राफी झाली. मोठे डॉक्टर सावकाश बोलणारे होते. हृदयाची भिंत जन्मापासूनच जाड आहे, म्हणाले. रोजचं जगता येईल, गोळ्या घ्यायच्या, तपासत राहायचं. पण शर्यत नाही, जोराचा व्यायाम नाही. जोर लावताना ते अचानक बंद पडू शकतं.

दादांनी वही उघडून त्यांच्या टेबलावर ठेवली. "साहेब, सकाळचे ठोके बघा तिचे. बावन्न हायत. बावन्न! एवढं चांगलं हृदय या अख्ख्या तालुक्यात न्हाय."

डॉक्टरांनी वही खरंच पाहिली, दोन पानं उलटली. "फार छान लिहिलंय तुम्ही," ते म्हणाले. "पण भिंत जाड आहे, दादा."

घरात असं कुणाला काही होतं का, असं त्यांनी विचारलं. मंजुळा खाली बघत म्हणाली, "बाबा भात झोडत होता. बसला, आणि गेला. आम्हाला वाटलं ऊन लागलं." डॉक्टरांनी तिच्या दोन्ही भावांनाही तपासायला आणायला सांगितलं.

परतताना पुलावर नेहमीसारखं ट्रॅफिक तुंबलं होतं. मागच्या सीटवरून मंजुळा म्हणाली, "दादा, मी पट्टा न लावता चालवते ना. पट्टा न्हाय तर आकडा न्हाय."

दादा पुढच्या ट्रकच्या पाटीकडे बघत राहिले.

"मी न्हाय चालवू देणार."

"मग शोधलात कशाला?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही मोजलं नसतं तर मला कळलंच नसतं."

दादांनी गाडी गिअरमध्ये टाकली आणि ट्रकमागे हातभर पुढे सरकवली. तिच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला सुचलं तर सांगा, मी ते त्यांच्यापर्यंत पोचवीन.

ती कामावर येत राहिली, त्याच सायकलने. सपाट रस्त्यावर सावकाश चालवली तर चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण पाड्याचा रस्ता सपाट नाही. दादांनी शेअर रिक्षावाल्याशी बोलून महिन्याची सोय केली, ती रिक्षात बसली नाही. मग दादा संध्याकाळी स्वतःची गाडी घेऊन तिच्या मागून जायला लागले, दोन्ही इंडिकेटर लावून, सायकलच्या वेगाने. मागून टेम्पोवाले हॉर्न मारायचे, शिव्या घालायचे. पाचव्या दिवशी ते अर्ध्या वाटेतूनच परत आले. मी गेटवरच होते.

"काय झालं?"

"मी मागं असलो की ती जोर लावते," ते म्हणाले. "मना दाखवायला."

दुसऱ्या दिवसापासून ते गेटजवळ उभे राहून नुसतं बघायचे. ती वळणावर दिसेनाशी झाली, की शटर खाली.

चाचणीच्या चार दिवस आधी कळलं की मंजुळाचा फॉर्म भरला गेलाय. ठाण्याकडच्या दुसऱ्या एका प्रशिक्षकाने भरला होता. तिने त्याला आजाराचं काहीच सांगितलं नव्हतं. दादा माझ्याकडे आले. हातात प्लॅस्टिकची फाइल, त्यात तिचे रिपोर्ट.

"ताई, तुम्ही चला. एकटा गेलो तर मी वाटेतनं मागं फिरंन."

चाचणीच्या दिवशी मैदानावर सकाळचं कोवळं ऊन होतं. मुली नंबर लावून रांगेत उभ्या होत्या. मंजुळाने आम्हाला पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. तिला वाटलं, दादा तिची शर्यत बघायला आलेत. तिने हात वर केला. शेजारच्या मुलीला म्हणाली ते इथपर्यंत ऐकू आलं, "ते बघ, माझे दादा आले."

दादांनीही हात वर केला. तसाच वर धरून किती वेळ उभे होते, मला सांगता येणार नाही. म्हणाले, "हसताना बघितलं हो मी तिला. आता कसं जाऊ?"

तेव्हा मी काही बोलायला हवं होतं का, हे मी नंतर कितीदा स्वतःला विचारलंय. त्यांनी हात खाली घेतला आणि लंगडत पंचांच्या टेबलाकडे गेले. फाइल ठेवली. टेबलावरच्या माणसाने कागद वाचले, दुसऱ्याला दाखवले, आणि तिचा नंबर पुकारला.

ती आली. फाइल बघितली. ती रडली नाही, भांडली नाही. पाठीवरच्या नंबराच्या पिना तिचा हात पोचेना म्हणून मी काढायला गेले, तर तिने माझा हात बाजूला केला, शर्ट पुढे ओढून एकेक पिन स्वतःच काढली आणि टेबलावर ठेवली.

"गाडी हाय," दादा म्हणाले. "घरी सोडतो."

"मी एसटीने जाईन," ती म्हणाली. त्या दिवसानंतर ती त्यांच्याशी बोललेली नाही.

पुढच्या महिन्यात गाळा रिकामा झाला. सायकली कुणी नेल्या, मला माहीत नाही. तिथे आता पुठ्ठ्याची खोकी असतात. दादा आमच्या गल्लीत येत नाहीत. गावातून हायवेला जायला हीच गल्ली जवळची, पण ते बाहेरून वळसा घालून जातात. तिच्या नजरेला पडायला नको म्हणून, असं वहिनींनी सांगितलं. घरात कुणाशी फार बोलत नाहीत, गच्चीवर बसून असतात.

मला मात्र त्यांचा फोन येतो. रोज सकाळी, शिफ्ट लागली की.

"आली का?"

"आली."

"बरं."

एवढंच. दीड वर्ष झालं. मध्ये तिच्या भावाच्या लग्नाला ती तीन दिवस नव्हती. पहिल्या दिवशी मी "नाही आली" म्हटलं आणि पुढचं सांगेपर्यंत पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. तेव्हापासून ती रजा मागायला आली की मी त्यांना आदल्या दिवशीच कळवते.

परवा फोन वाजला तेव्हा मंजुळा सहीसाठी माझ्या टेबलासमोरच उभी होती. स्क्रीनवरचं नाव तिने वाचलं. मी फोन उचलेना.

"रोज येतो?" तिने विचारलं.

"रोज."

"काय विचारतात?"

"तू आलीस का, एवढंच."

फोन वाजतच होता.

"सांगा, आली न्हाय म्हणून," ती म्हणाली.

मी फोन कानाला लावला. ती माझ्याकडे बघत होती, तोंडावर राग म्हणावा तर राग नव्हता, दुसरं काय होतं ते मला वाचता आलं नाही.

"आली का?" दादांनी विचारलं.

"आली," मी म्हटलं.

"बरं."

मंजुळाने कागद उचलला. जिना उतरून खाली गेली, सावकाश, कठड्याला धरून, मधल्या पायरीवर एकदा थांबून.